जित्या माणसाची सोबत

मी देवळाच्या अंगणात उभा. पायऱ्यांच्या खाली, कारण आमच्या वाडीला वर मज्जाव. समोर सगळा गाव. खोत खुर्चीवर बसलेले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "जगायची लाज नाही आणि मरायची अक्कल नाही."

गाव हसला.

आदल्या आठवड्यात मी जीव द्यायला गेलो होतो. कसा, ते सांगणार नाही. ते ऐकण्यात लोकांना भारी गोडी. वाडीतल्या माणसांनी पाहिलं म्हणून वाचलो. आता माझ्यावर गावाचा इलाज चालला होता. देवापुढे गाऱ्हाणं.

मानकऱ्यानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या कारट्यान गावाची शीव बाटवलीन. ह्याच्या अंगातली अवदसा काढ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. त्यात माझ्या आयेचा आवाज होता. मला स्पष्ट ऐकू आला.

मग खोतांच्या गड्याचा हात मानेवर पडला. "नाक घास."

का गेलास, एवढं एकानंही विचारलं नव्हतं. एकच कारण नव्हतं. मन कधीपासून विझत चाललं होतं. पण खोतांनी मला शाळेतून काढून वेठीला जुंपलं, गोठ्यात चारचौघांत जोड्यानं मारलं, हेही त्यात होतं. विचारलं असतं तर उत्तरात त्यांचं नाव आलं असतं. म्हणून देवाला सांगायचं, पोराला विचारायचं नाही. त्या भक्तीची मला शिसारी आली. आजही येते.

मी मानेवरचा हात झटकला. "नाक घासणार नाही. मी का गेलो ते आधी विचारा."

खोत म्हणाले, "ह्याला काय विचारायचं?"

मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. मागून दगड आले. माझ्यामागून आये घरी आली आणि चुलीपुढे बसून रडू लागली. "माजा तोंड बोलला रे, मी नाय." मी तिच्यावर चिडलो नाही. भीती कुणी पेरली ते मला ठाऊक होतं.

दोन पावसाळे गेले. शेजारची तुळशी सासरहून परत आली. आली ती मुक्यासारखीच. एकदा विहिरीवर माझ्या बहिणीला म्हणाली, "मना आता सगळाच नको झालाय." बहिणीनं पळत येऊन मला सांगितलं. मला त्या बोलण्याची आतून ओळख पटली.

आमच्याकडे मयताच्या घराला सोबत देतात. सुतक फिटेपर्यंत वाडीतलं कुणी ना कुणी तिथं निजायला जातं. मेलेल्याच्या घराला सोबत, आणि जितं माणूस आत कुढत असलं तर त्याला अवदसा! मी वाडीतल्या पोरापोरींना गोळा केलं. म्हटलं, सोबत आत्ताच द्यायची. मग पोरी तिच्याशेजारी निजू लागल्या. दिवसा कुणी तिच्याबरोबर भात कांडायला, कुणी नुसतं ओटीवर बसायला. उपदेश करायचा नाही, असं ठरलं होतं. विचारायचं, आणि ती बोलेल तेवढं ऐकायचं. आमच्याशी पहिल्यांदा ती बोलली ती शिवीच होती, सासऱ्याला. आम्ही ऐकली.

तेवढ्यात खोतांचा गडी आला. "पोरीला देवळात बोलावलीय. गाऱ्हाणा घालूचा हाय."

तुळशीचा बाप तिला न्यायला उठला. मी त्याला खाली बसवलं. गड्याला म्हटलं, "ती येणार नाही. तिला काय होतंय ते खोतांना ऐकायचं असेल तर त्यांना इथं यायला सांग. आमच्याबरोबर जमिनीवर बसायला सांग."

खोत आले नाहीत. निरोप आला, वाडीला वाळीत टाकू.

तुळशी अजून धड जेवत नव्हती. बरी होईल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. पण त्या दिवशी माझं ठरलं. इथलं एकही पोर एकटं सोडायचं नाही, आणि कुणाच्या पायाशी न्यायचं नाही. वाळीत टाकायचं तर टाका. पोर मेल्यावरच दारात येणारा गाव आम्हाला नको.