चाळीस पावलांचं माहेर

सावंगीच्या रस्त्याला आमचं घर आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, मावशीचं. दोघी बहिणी समोरासमोर नांदायला आल्या यात योगायोग वगैरे काही नव्हता, आजोबांनी हट्टानं तशीच स्थळं शोधली होती. रोज चारच्या चहाला आई पलीकडे जायची. चाळीस पावलं. मला मामा नाही, त्यामुळे आजोबा गेल्यावर आईला माहेर म्हणून तेवढंच उरलं होतं.

मग रस्ता सिमेंटचा, चौपदरी झाला आणि मधोमध गुडघ्याएवढा दुभाजक आला. आम्ही सगळे खूश. मी तर पहिल्याच दिवशी मोटरसायकल काढून उगाच एक चक्कर मारून आलो, हे कबूल करतो. फूटपाथ नाही, सायकलला जागा नाही, ओलांडायची सोय नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आईच्या आठवडाभरात आलं. अर्ध्या रस्त्यात असताना एक टिप्पर तिच्या पदराला वारा लावून गेला आणि ती दुभाजक धरून खाली बसली. त्या दिवसापासून मी तिचं पलीकडे जाणं बंद केलं.

रविवारी तिला गाडीवर मागे बसवून, दीड किलोमीटर पुढच्या वळणावरून फिरवून मावशीच्या दारात सोडायचो. एरवी दोघी आपापल्या फाटकात उभ्या राहून, एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या. मला त्याचं हसू यायचं. अशी दोनेक वर्षं गेल्यावर एके दिवशी आई फोन बंद करून म्हणाली, "हे तं जेलात भेटाले आल्यावानी वाटते रे." मला फार वाईट वाटलं.

मी आमच्या ले-आऊटमधली, म्हणजे वसाहतीतली, माणसं जमवली आणि आम्ही बांधकाम खात्याच्या साहेबांना निवेदन द्यायचं ठरवलं. आमच्याकडे निवेदन म्हणजे काय, तर लेटरहेड, आवकचा शिक्का आणि फोटो. त्यातही फोटो मुख्य. साहेबांच्या हातात कागद देताना प्रत्येकाची बोटं कागदाला लागलेली दिसली पाहिजेत. कागदाला कोपरे चार आणि आम्ही अकरा जण, त्यामुळे थोडी कोपराकोपरी झाली. मागण्या रास्त होत्या: ओलांडायला जागा, गतिरोधक, चालायला कड, सायकलींना वेगळा पट्टा. साहेबांनी सगळं वाचलं, खिडकीतून खाली पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "यातल्या सायकली कोणत्या?" खाली आमच्या आठ मोटरसायकली आणि एक कार उभी होती. माझ्या सायकलची साखळी घरी गंजत पडली होती. आम्ही हसलो, साहेबही हसले, चहा आला आणि विषय संपला.

फोटो पेपरात आला. आईनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"पायी चालणाऱ्यायचं निवेदन म्हनत होता ना तू? याच्यातल्या एकालेबी म्या कधी पायी चालतानी पायलं नाई. तुलेबी नाई."

मग तिनं मला कागद घ्यायला लावला. "लिही. साहेबाले म्हन, बुधवारी चार वाजता या. चहा माह्या घरी, तर्री-पोहे माह्या बहिनीच्या घरी. समोरच हाये, पायी जाऊ." मी सुरुवातीला 'सविनय सादर' घालायला बघत होतो, तिनं ते खोडायला लावलं. लाजत लाजत मी ते पत्र आवकच्या खिडकीत दिलं आणि पत्र घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता परत आलो.

आणि साहेब खरंच आले. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, इस्त्रीच्या कपड्यातले. चहा प्यायले, चांगला झालाय म्हणाले आणि जीपकडे निघाले.

"काऊन?" आई म्हणाली. "समोरच तं हाये."

साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक पाऊल पुढे, दोन मागे. शेवटी फाइल छातीशी धरून पळत सुटले आणि दुभाजकावर जाऊन चढले. पुढचा अर्धा रस्ता काही त्यांना वाट देईना. तिकडून मावशी बशी हातात घेऊन ओरडत होती, "या साहेब, या! पोहे थंडे होऊन राह्यले!" इकडून आई अगदी मायेनं सांगत होती, "घाई करू नका साहेब, माहे तं दोन वर्सं गेले." बऱ्याच वेळानं ते पोचले. घामाघूम झाले होते, पण पोहे दोन वेळा मागून खाल्ले. परत जाताना मात्र जीप त्यांनी पलीकडेच मागवली. यावरून कुणी हसायचं नाही, अशी आम्हाला आईची सक्त ताकीद होती.

चार महिन्यांनी दुभाजक कापून वाट केली, पांढरे पट्टे आले, दोन्ही बाजूंना गतिरोधक आले. सायकलच्या पट्ट्याची फाइल अजून विचाराधीन आहे. तिची विचारपूस करायला आम्ही दर महिन्याला जातो, पण आता सायकलींवर.

पहिल्या दिवशी चारला आई नवं लुगडं नेसून निघाली. मी मोठ्या जबाबदारीनं तिचा हात धरला. दोन पावलं गेलो असू, तेवढ्यात उजवीकडून ट्रक आला. तो गतिरोधकावर हळू झाला होता, तरी मी हात सोडून मागे उडी मारली. आई थांबली नाही. तिनं ट्रककडे हात दाखवला, ट्रक उभा राहिला आणि ती सरळ मधल्या वाटेपर्यंत गेली. तिथून वळून बघते तर मी अलीकडेच. दोन वर्षांत हा रस्ता मी एकदाही पायानं ओलांडला नव्हता आणि आता पाय उचलत नव्हते.

पलीकडे मावशी फाटकात उभी होती. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा हात दाखवत सगळं अंतर चालून माझ्यासाठी मागे आली.

"चाल," ती म्हणाली. "भेऊ नको. मी हाये."

मी बावन्न वर्षांचा आहे. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि मावशीच्या फाटकापर्यंत मी ते सोडवून घेतलं नाही.