मागच्या बाकावरची एस्तेरबाई

चिनू, अभय,

चिनू, तू पाठवलेला कागद मिळाला. तुझ्या विद्यापीठात सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ज्यूंचा इतिहास शिकवतात आणि विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा आहेत ते पहिल्याच तासाला छापून देतात. वाचून या, ऐकीव मते मांडू नका, दुसऱ्याचे ऐकून घ्या. 'आजी, किती कडक!' असे तू त्यावर लिहिले आहेस. त्याच आठवड्यात अमरावतीहून माझ्या जुन्या कॉलेजचे निमंत्रण आले. आमच्या कावूनसरांची तसबीर सभागृहात लागणार आहे. सोबत त्यांचा परिचय छापला आहे आणि त्यात लिहिले आहे, 'सर स्वेच्छेने अकोल्यास गेले.' हे खोटे आहे. मी रागावले आहे, पण क्रमाने लिहिते.

सर वलगावच्या माळी घरातले. मुंबईला शिकून आले तरी वऱ्हाडी सुटली नव्हती, आणि त्यांना ती सोडायचीही नव्हती. कोणी काहीही विधान केले की ते मान तिरकी करून विचारत, "कावून?" म्हणजे 'का?' उत्तर दिले की पुन्हा, "कावून?" तिसऱ्या 'कावून'ला बहुतेकांचा पाचोळा व्हायचा. म्हणून ते कावूनसर.

इतिहासाच्या पेपरात युरोपातल्या ज्यूंचा एक लहानसा भाग होता. इतर प्राध्यापक तो गाइडातून उरकत. सरांनी तोच भाग सगळ्यात कसून शिकवला. वाचले नसेल तर वर्गात येतानाच तसे सांगायचे. "बस मग, कान उघडे ठेवजो," एवढेच ते म्हणत. वाचल्याचे सोंग करणाऱ्याला मात्र व्हरांड्यात उभे राहावे लागे.

त्यांची मुख्य अट निराळीच होती. वर्गातला शेवटचा बाक रिकामा ठेवायचा. मुंबईत विद्यार्थी असताना ते एका बेने इस्रायली कुटुंबात राहत. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू ते, शनिवारी काम न करणारे. घरच्या एस्तेरबाई त्यांना रोज स्वतःच्या पंगतीला घेऊन जेवू घालत. सर म्हणत, "मी तिच्या हातचं जेवलो. आता तिच्या लोकांबद्दल पाठीमागून बोलू काय? ती मागच्या बाकावर बसली हाये असं समजा, अन् मंग बोला."

वर्गात जिनवाल्या शेठचा, म्हणजे कापसाच्या कारखानदाराचा, मुलगा होता. त्याचे वडील कॉलेजच्या समितीवर. तो उठून म्हणाला, "ज्यू म्हणजे लोभी जात, सर."

"कावून?"

"गाइडात दिलं आहे."

"मंग मागं फिर अन् एस्तेरबाईले तोंडावर सांग."

तो वळला. रिकाम्या बाकाकडे पाहत उभा राहिला आणि त्याचे कान लाल झाले. आम्ही हसलो तेव्हा सर आमच्यावरच खेकसले, "तुमाले तरी सांगता येईल काय?"

मग व्हेनिसची वस्ती आली. ज्यूंनी तिथेच राहायचे, संध्याकाळी वेशीला कुलूप, आणि पहारेकऱ्यांचा पगारही आतल्यांनीच द्यायचा. आमच्या वर्गात तुळशीराम होता, तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या समाजातला. तो दाराशी वेगळ्या स्टुलावर बसे. कोणी तसा हुकूम दिला नव्हता, चालत आले होते. तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "सर, सकाळी कुलूप उघडाले उशीर झाला तर ते लोक काय करत?"

"तुले हे कावून सुचलं रे?"

"मी दाराजवळच बसतो न सर."

 सर स्वतः स्टूल उचलून व्हरांड्यात ठेवून आले आणि तुळशीरामला पहिल्या बाकावर, जिनवाल्यांच्या मुलाशेजारी बसवले.

"सर, हा आमच्या बाकावर?"

"बाक कॉलेजचा हाये. तुया बापाचा जिन तिकडे, टेसनापाशी."

आठवड्याच्या आत समिती बसली. माझे वडील वकील, तेही समितीत होते. जेवताना ते आईला म्हणाले, "मास्तर हुशार आहे, पण हट्टी. स्टूल आत ठेवा, नाहीतर राजीनामा द्या, एवढंच सांगितलं. तो म्हणतो, मग एस्तेरबाईला काय सांगू?"

मी विचारले, "पण स्टूल आत कावून ठेवायचं?"

वडिलांनी ताट बाजूला सारले. "ही भाषा या घरात नको." त्यांना भाषेचा राग आला, स्टुलाचा नाही. चिनू, त्या वाक्याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सरांनी राजीनामा दिला. निघताना म्हणाले, "अकोल्याच्या शाळेत मास्तर लागून राहिलो. मागच्या बाकाकडे पाहजा." म्हणे स्वेच्छेने!

नवे प्राध्यापक आले त्या सकाळी स्टूल पुन्हा दाराशी होते. तुळशीरामने त्याच्याकडे पाहिले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. जिनवाल्यांचा मुलगा तणतणत उठला आणि थेट मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन आदळला. तोच वर्गातून ओरडा झाला, "ऊठ बे! तिथं एस्तेरबाई बसली हाये!"

तो दचकून उठला. अंगवळणीच पडले होते ते. दुसऱ्या बाकावर जागा नव्हती, म्हणून मुकाट्याने तुळशीरामशेजारी येऊन बसला. नवे प्राध्यापक काही न कळून आमच्याकडे पाहत राहिले. ज्यूंचा उरलेला भाग त्यांनी गाइडातूनच उरकला. स्टुलावर मात्र वर्षभर छत्र्या ठेवल्या जात.

तसबिरीच्या समारंभाला मी जाणार नाही. 'स्वेच्छेने' हा शब्द खोडा, असे कॉलेजला कळवले आहे. उत्तर नाही. सर अकोल्यातच वारले. तुळशीराम पुढे बाळापूरला मास्तर झाला, आता तोही नाही. त्याची मुलगी तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. तिच्या वर्गातला मागचा बाक रिकामा असतो.