समुद्र डाव्या हाताला

दिवेआगरच्या आमच्या घरात ओटीवर एक जुना नकाशा होता. बोटीवर नोकरीला असलेल्या बाबांच्या मामांनी तो कुठल्याशा बंदरातून आणला होता. कुणा पाद्र्याने काढलाय, एवढंच सांगून ते परत बोटीवर गेले. बाबांनी किनाऱ्यावरच्या एका नावावरून बोट फिरवलं, ‘चाओ’ एवढं लागलं, आणि निकाल दिला, “चौल! फिरंग्यांनी काढलाय, मग चौल असणारच.” पंचाईत एकच होती. नकाशात समुद्र खाली होता आणि आमचा तर पश्चिमेला. मग बाबांनी चौकटच फिरवून टांगली. समुद्र डावीकडे आला, अक्षरं आडवी पडली. आम्ही भावंडं माना वाकड्या करून भूगोल शिकलो.

घरातली मुलगी दिली की बाबा तिच्या सासरच्या जागी पेन्सिलीने ठिपका काढत. चौलच्या खाली आत्याचं बोर्ली पंचतन, वर माझं रेवस. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे गेल्यावर ते स्टुलावर चढले, ठिपका काढला आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

पुढे चक्रीवादळात वाडी झोपली. माड गेले, पोफळी गेल्या, घराची कौलं उडाली. बाबांनी चिखलातून आधी नकाशा उचलला. मी रेवसहून पोचले तेव्हा “येवढा वाचव गं,” म्हणाले.

मुंबईत जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे मी तो नेला. त्यांनी तो सरळ धरला. “हा चीनचा आहे. क्वांतुंग प्रांत,” त्या म्हणाल्या. युरोपातून तिकडे गेलेल्या पाद्र्यांनी माहिती जमवली आणि मायदेशी छापून घेतली. जिथे जिथे त्यांची माणसं राहत, तिथे बारीक खुणा होत्या. “पण हे पेन्सिलीचे ठिपके कुणाचे? पुसून टाकू?”

“हात लावू नका!” मी इतक्या जोरात म्हटलं की बाई दचकल्या.

परतताना मला त्या मामांचा राग आला, मग पाद्र्यांचा. वाडी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला आता चौलही गेलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? न सांगता टांगला असता तर कुणाला कळणार होतं? पण बाबांपुढे माझा चेहराच चहाडी करतो.

“चौल हाय ना जाग्यावर?” त्यांनी दारातच विचारलं.

“बाबा, ते चौल न्हाय. चीन हाय.”

नकाशा मांडीवर घेऊन बाबा ठिपके शोधू लागले. आधी आत्याचा सापडला, मग माझा. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

“म्हंजे तुला मी चीनला दिली,” ते म्हणाले. “तरीच. रेवस काय येवढं लांब नसतं, मला रोज वाटायचं.”

मी चौकट उचलली, समुद्र डाव्या हाताला केला आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.