शेवट न सांगणारी ओदिला

ओदिला पेरुत्सीने नवऱ्याला तो मरताना सुद्धा खुनी कोण ते सांगितलं नाही. बिचारा आतिलियो इस्पितळात नाकात नळी घालून पडला होता. पुस्तक निम्मं वाचून झालं होतं, पुढे डोळे साथ देईनात. म्हणाला, "बाई, आता तरी सांग. डॉक्टर की त्याची मेहुणी?" ओदिला म्हणाली, "बरा हो आणि वाच." तो बरा झाला नाही. आमच्या कोलोनिया एस्पिना गावात लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. मीही सांगतो. पण एकदा स्टुडिओत माझ्यासमोर ती यावरून रडली होती. नाक पुसून म्हणाली, "अरे ओस्मार, सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं ना, की आपण मरतोय म्हणून."

मी गावच्या एफएम केंद्रावर यंत्रं सांभाळतो. पगार काय सांगायचा, मांजरसुद्धा त्यावर जगणार नाही. शनिवारी दुपारची झोप आटोपून लोक माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचं पाणी चढवतात, तो तास ओदिलाचा. आठवडाभर ती लोकर आणि बटणं विकायची आणि शनिवारी लोकांना घाबरवायची. रेडिओवर ती रहस्यकथा आणि भयकथांच्या पुस्तकांबद्दल बोलायची, तीही नवीकोरी. पुस्तकं राजधानीतून, ब्वेनोस आयरेसहून बसच्या पोटातून पार्सलने यायची. पण गंमत पुस्तक येण्याच्या आधीच सुरू व्हायची. अमक्याचं नवं पुस्तक छापायला गेलंय, म्हणे त्यात एक विहीर आहे, एवढंच ती सांगायची आणि थांबायची. पुढचे कितीतरी दिवस बेकरीत, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्या विहिरीबद्दल बोलायचे. पुस्तक आलं की ती त्याला दिवे द्यायची. एक दिवा म्हणजे अंधारात झोपलात तरी हरकत नाही. पाच दिवे म्हणजे अंगणातलाही चालू ठेवा. वीजमंडळाचा मॅनेजर मला म्हणायचा, तुमच्या बाईला पगार आम्ही द्यायला हवा.

शेवट मात्र कधीच नाही. पाद्रीबाबांनी विचारलं तरी नाही. "शेवट सांगणारा माणूस चोर असतो," ती म्हणायची. आणि दुसरं एक वाक्य तिचं ठरलेलं होतं. चांगल्या रहस्यकथेत एकही गोष्ट उगाच नसते. मोडकी छत्री दिसली तर ती छत्री लक्षात ठेवा.

हे वाक्य इर्मा गोदॉयने कुणाहीपेक्षा जास्त मनावर घेतलं.

इर्मा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिची एकुलती एक पोरगी रोमिना कार्निव्हलची मिरवणूक बघायला म्हणून गेली आणि परत आली नाही. त्याला बरीच वर्षं झाली. पोलीस म्हणाले, गेली असेल कुणाचा तरी हात धरून, येईल दमली की. मग म्हणाले, चौकशी चालू आहे. मग काही म्हणेनासे झाले. इर्मा ठाण्यात जायची, तिथला पोरगा तिला बघूनच मान हलवायचा, आणि ती घरी परतायची. पोरीचा बाप आधीच परागंदा झालेला. त्या दिवसांत ओदिलाने तिला एक रहस्यकथा वाचायला दिली. बायकांना आम्ही मानाने दोन्या म्हणतो. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो दोन्या, जखमेवर मीठ कशाला चोळताय? पण इर्माने ते पुस्तक परत आणून दिलं आणि म्हणाली, "दुसरं दे. यात शेवटी पोरगी सापडते तरी."

तेव्हापासून ती वाचतच सुटली. मेलेली का होईना, सापडली पाहिजे, एवढीच तिची अट. शेवट मोकळा सोडणाऱ्या लेखकांना ती अशा शिव्या द्यायची की कसायाने कानात बोटं घालावीत.

आणि मग फाबियान इतुर्बेचं पुस्तक येणार अशी बातमी आली.

इतुर्बे आमच्याच गावचा. धान्यवाल्याचा मुलगा, राजधानीत जाऊन लेखक झाला, गळ्यात रुमाल घालायला लागला. एका उन्हाळ्यात तो महिनाभर गावात येऊन राहिला. फौजदार लुकेरोला वाइन पाजली, बारमधल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, आणि इर्माच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातच्या गरम तोर्ता, म्हणजे कणकेच्या तळलेल्या चकत्या, खात रोमिनाबद्दल विचारत राहिला. कुठले कपडे होते, कुणाशी भांडण होतं, खोली बघू का. इर्माने सगळं दाखवलं. "पोलिसांनी कधी एवढं विचारलं नाही," ती ओदिलाला म्हणाली. "हा शोधून काढणार बघ."

"अगं, तो कादंबरी लिहितोय, भयकथा."

"मग? लिहिणाऱ्याला शेवट आधी माहीत असतो. तूच सांगतेस रेडिओवर."

पुस्तकाचं नाव मी इथे देणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? अख्खं गाव त्याची वाट बघत होतं, आपला न्हावी त्यात आला असेल का, आपला कुत्रा आला असेल का म्हणून. इर्मा वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती. निकाल लागायचा असावा तशी तिने घराला रंग काढला, रोमिनाच्या पलंगाची चादर बदलली.

प्रकाशकाने ओदिलाला प्रत आधी पाठवली. आठवड्याच्या मध्यावर एका सकाळी लोकरीच्या दुकानाचं शटर खाली होतं, म्हणून मी मागच्या दाराने गेलो. ती गल्ल्यामागे बसली होती, माते गार झालेला, पुस्तक उपडं.

"किती दिवे?" मी विचारलं.

"आईनेच मारलंय," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला शेवट सांगत होती.

"पुस्तकात पोरीला आईच मारते, ओस्मार. स्वयंपाकीण आई. तोर्ता तळणारी. शेवटच्या पानापर्यंत संशय येऊ देत नाही हरामखोर. छान लिहिलंय, तेच तर दुखणं आहे. चार दिवे द्यावे लागतील असं लिहिलंय."

ज्या घरी खाल्लं त्याच घराचे वासे मोजले होते त्याने. मी म्हटलं, जाऊन इर्माला सांगा. ती म्हणाली, कसं सांगू? मी म्हटलं, मग सांगू नका. ती म्हणाली, ती स्वतः वाचेल. दोन्हीकडून मरण होतं.

त्या दिवशी संध्याकाळी इर्मा दुकानात आलीच. मी तिथेच होतो.

"आलं म्हणे पार्सल."

"आलंय. अजून वाचते आहे."

"तू? तू एका दुपारी पुस्तक फस्त करतेस, बाई. खोटं बोलायला शीक आधी." इर्मा हसली. मग गल्ल्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "खुनी नको सांगूस. तुझा नियम तुझ्यापाशी. एवढंच सांग, सापडते का?"

ओदिलाने माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे पाहिलं.

"शनिवारी ऐक," ती म्हणाली.

"आतिलियोला पण असंच म्हणालीस," इर्मा म्हणाली आणि दार न लावता निघून गेली.

शनिवारी ओदिला स्टुडिओत आली ती ओठ मिटून. मी खूण केली. ती म्हणाली, "आज मी शेवट सांगणार आहे." काचेपलीकडून मी हात हलवून नको नको म्हणत होतो, पण बाई ऐकते कुठली! तिचा हिशोब सरळ होता. शेवट फोडला की रहस्यकथा मेली, मेलेलं पुस्तक कोण विकत घेणार? आणि इर्माला कळायचंच असेल तर ते तिच्या आवाजात कळावं, शिवी हासडून कळावं. तिने सांगितलं की पुस्तकातली आई खुनी आहे, की हे खोटं आहे, की ज्या बाईने घरात घेतलं तिच्याच नावाला काळं फासणारा माणूस लेखक नव्हे, गिधाड आहे. मला अभिमान वाटला तिचा, खोटं कशाला बोलू!

पण शेवट सांगण्याची सवय नव्हती ना तिला. कुठे थांबायचं ते कळलं नाही. आई पोरीला कशी मारते तेही सांगितलं, हातगाडीवरून कशी नेते तेही सांगितलं, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे सालिनासच्या बंद पडलेल्या वीटभट्टीच्या फरशीखाली कशी पुरते तेही सांगून टाकलं. ती भट्टी आमच्या गावातलीच. इतुर्बेने नावसुद्धा बदललं नव्हतं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. सोमवारपर्यंत गावच्या दुकानात आलेल्या सगळ्या प्रती संपल्या. आणि इर्मा कुदळ घेऊन भट्टीवर पोचली.

आम्ही गेलो तेव्हा तिने एका कोपऱ्यातल्या विटा उपसल्या होत्या. शाळेचा पांढरा एप्रन अंगावर तसाच, हात सोललेले.

"इर्मा, घरी चल," ओदिला म्हणाली. "अगं, ते पुस्तक आहे."

"मला नावं ठेवलीत त्याने, कळलंय मला. ठेवू दे. मला त्याचं काही नाही." तिने घाम पुसला. "पण भट्टीच का, ओदिला? तळं होतं, धान्याचे सायलो होते, स्मशानभूमी होती. भट्टीच का लिहिली त्याने? लुकेरो पिऊन काहीतरी बरळला असणार त्याच्याकडे. एकही गोष्ट उगाच नसते."

"चांगल्या पुस्तकात नसते. हे वाईट आहे."

"चार दिव्यांचं आहे असं तू म्हणालीस. मला बेकरीवालीने सांगितलं."

मीच ते बेकरीत बोललो होतो. ओदिलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बूट काढले, भट्टीत गंजत पडलेली एक कुदळ उचलली आणि त्या वयात खणायला लागली. मग मीही हाताने विटा उपसायला लागलो. उभं राहून बघणं त्याहून वाईट होतं.

तोपर्यंत रुळांच्या बांधावर गाव जमलं होतं. माते, घड्या घालायच्या खुर्च्या, फोन वर धरलेले. "बरोब्बर तिथेच गेली बघ," कुणीतरी म्हणालं. "आईला माहीत नसेल तर कुणाला?" मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. हीच माणसं तिच्या हातची खीर खाऊन मोठ्या झालेल्या पोरांचे आईबाप होती.

फौजदार लुकेरो गाडीतून उतरला, पोट सावरत खाली आला. "दोन्या इर्मा, पुरे झालं. ही खाजगी जागा आहे. पुस्तकात लिहिलं म्हणून कुणी खणत नसतं."

"तुम्ही यंत्र आणा आणि खणा."

"कशाच्या आधारावर? काही पुरावा नको? न्यायाधीश मला हसतील."

इर्माने कुदळ खाली ठेवली. बांधावरच्या लोकांकडे एकदा पाहिलं. इतकी पुस्तकं वाचली होती तिने, पोलिसांना हलवायला काय लागतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मीच मारलं," ती म्हणाली. "इथेच पुरलंय. आता खणा."

ओदिला ओरडली, "ती खोटं बोलतेय, लुकेरो! तुला माहितीये ती खोटं बोलतेय!" पण बांधावरचे फोन चालू होते, आणि लुकेरोला माहीत असून उपयोग नव्हता. इतकी वर्षं इर्मा ज्या चौकशीसाठी हेलपाटे घालत होती ती त्या दुपारी उघडली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून यंत्र आलं, पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, कुत्री आली. भट्टीची फरशी उखडली, खालची मातीसुद्धा चाळली. मेंढीची हाडं निघाली आणि एक जुना तवा निघाला.

मग इर्मा म्हणाली, चुकले, तळ्याच्या उत्तरेला. तिथेही खणलं. मग म्हणाली, जुन्या खाटीकखान्याची टाकी. टाकी उपसली. तिच्यावर खुनाचा आरोप लागला होता आणि गावात तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. इतुर्बेच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. ओदिलाने रेडिओ सोडला. मी त्या तासाला आता मिलोंगाची गाणी लावतो.

भेटीच्या दिवशी मी ओदिलाला जिल्ह्याच्या तुरुंगात गाडीने घेऊन गेलो. तिने बरोबर साबण नेला होता, बिस्किटं नेली होती, पुस्तक नव्हतं नेलं. इर्मा वाळली होती. तरी बोलायला लागली तेव्हा आवाज ठणठणीत होता.

"वकील म्हणतो, जबाब मागे घे, सुटशील," ती म्हणाली. "मागे घेतला की खणायचं थांबवतील. पुढच्या आठवड्यात परत विचारायला येणार आहेत, आणि मला आता जागा सुचत नाहीत." तिने टेबलावरून ओदिलाचा हात धरला. "तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस. असली माणसं कुठे पुरतात, सांग ना."

मला वाटलं, आता ती तिला समजावेल, घरी चल म्हणेल. मग ती पुढे वाकली आणि हळू आवाजात तिला एक जागा सांगितली.