कापूस घरात होता तोवर

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव चढेल या आशेनं आम्ही दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचो. मधली खोली आढ्यापर्यंत भरली की भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजारणीचा टीव्हीसुद्धा ऐकू यायचा नाही.

नवरा मला मारायचा तो याच महिन्यांत. सासू म्हणायची, "भाव नाही ना पोरी, म्हणून त्याचं डोकं फिरून राह्यलं." तोही म्हणायचा, राग आवरत नाही. मला ते खरं वाटायचं. शेजारणीनं दंडावरचे वळ पाहिले तर मी कापसाची खाज म्हणून सांगायचे. खाज तर सगळ्यांनाच सुटलेली असायची.

एका वर्षी कळंबच्या बाजारात सगळा कापूस मातीमोल भावानं गेला. आज काही खरं नाही, असं धरूनच मी दिवसभर कामं उरकत राहिले. संध्याकाळी तो आला. कशावरून तरी ओरडला, हात उगारला, आणि रिकाम्या खोलीत त्याचाच आवाज घुमला. भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. घासण्याचा आवाज एकदम थांबला.

त्यानं भिंतीकडे पाहिलं. हात खाली घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "चहा ठेव."

मी चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी बाजाराला शिव्या देत होते.