‘फार’च्या वरचा रकाना

मी दौंडच्या कॉलेजात गणित शिकवतो आणि माझा पीएच.डी.चा विषय सांगितला की लोक जांभया देतात. माणसं आकड्यांत विचार करत नाहीत, शब्दांत करतात. ‘थोडी’ भीती कुठं संपते आणि ‘बऱ्यापैकी’ कुठं सुरू होते, याची रेघ कुणाला मारता येत नाही. ती रेघ पुसटच ठेवायची, शब्दांचे आकडे करायचे आणि दहा जणांच्या मतांतून एक निर्णय काढायचा, इतकंच. याला फझी लॉजिक म्हणतात. ते गावाच्या कामी आलं तेव्हा मी हुरळून गेलो, हे आधीच कबूल करतो.

आमचं गाव भीमाकाठी, शिरूर तालुक्यात. गेल्या हंगामात उसात बिबट्या फिरत होता. वनखात्यानं पिंजरा दिला, तोही एकच. जागा तीन : शाळेची वाट, आप्पांचा गोठा आणि पाण्याच्या चारीकडेच्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या. आप्पा म्हणजे माझे चुलते, माजी सरपंच. दोन बैठका भांडणात गेल्यावर तेच म्हणाले, "आरं, तुझं ते गणित लाव की. कुणी म्हनायला नको, आप्पानं पिंजरा आपल्याकडं वढला."

देवळासमोरच्या मंडपात मी कागद वाटले. प्रत्येक जागेपुढं पाच रकाने : अजिबात नाही, थोडी, बऱ्यापैकी, जास्त, फार. तिथं जेवढी भीती वाटते, त्या रकान्यात फुली. तोडणीच्या टोळीकडून एक बाई आली होती, नवऱ्याबरोबर. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच रकाने वाचून दाखवले. कोप्यांपुढं तिनं ‘फार’वर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, ह्याच्या वरचं काय न्हाई का?"

मंडप हसला. मीही हसलो. म्हणालो, "बाई, एवढंच आहे."

"मग ह्येच लिवा. रोज सकाळी चारीवर भांडी घासाय बसते म्या. वाकलं की पाठीत गार पडतं."

माझ्या पद्धतीत प्रत्येकाच्या मताला वजन द्यावं लागतं, आणि ते किती, हे पद्धत सांगत नाही. ते मी ठरवलं. ज्याला इथलं रान जास्त वर्षं ठाऊक, त्याचं वजन जास्त. आप्पांचं सगळ्यांत जास्त. टोळी चार महिन्यांची पाहुणी, म्हणून तिचं सगळ्यांत कमी. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. चुलत्यांची मर्जी राखतोय असंही वाटलं नाही, उलट अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. बळी तो कान पिळी, हे मी लॅपटॉपवर सोडवून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पिंजरा गोठ्याशी लागला. आत बांधलेली शेळी आठवडाभर नुसती ओरडत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी ती बाई चारीवर भांडी घासत असताना बिबट्यानं तिची मान धरली. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. वाकून बसलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, असं नंतर वनखात्याच्या माणसानं समजावलं. तिनं ते आधीच सांगितलं होतं. मी पोचलो तेव्हा पातेली तशीच पडली होती, राख लावलेली, अर्धवट घासलेली.

मला माझी लाज वाटली, अजून वाटते. घरी येऊन सगळ्यांचं वजन सारखं धरून गणित पुन्हा केलं. पहिली जागा कोप्यांची आली. ते मी कुणाला दाखवलं नाही.

त्यानंतर चार दिवसांत दुसरा पिंजरा आला. आप्पा म्हणाले, "कागद आण. समदं रीतसर हुंदे." मी नाही म्हणायला हवं होतं. नेले कागद. तिचा नवरा मंडपाच्या खांबाला टेकून बसला होता. तोडणीचा फड संपला नव्हता, त्यामुळं टोळी अजून गावातच होती. या वेळी त्याचं वजन आप्पांइतकं धरायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि त्याचं मला बरंही वाटत होतं. त्याच्यापुढं बसून मी पाचही रकाने वाचले. विचारलं, कोप्यांपाशी किती भीती वाटते?



"आता कशाची? अजिबात न्हाई," तो म्हणाला. "लिवा, सर."

मी पहिल्या रकान्यात फुली मारली.