आवाजावरून निवडलेली शाळा

चांगली शाळा ओळखायची कशी? हे मी दादाला विचारलं होतं. उत्तर द्यायला तो राहिलाच नाही. "माझ्या कुसुमला हायस्कुलात घाल. चांगल्या," एवढं बोलला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

आता मी काय घोळ घातला ते ऐका. कप आधी खाली ठेवा.

लालबागेत आमच्या वॉर्डात हायस्कुलं दोन. पुस्तकं तीच, फी तीच. तिसरीत शाळा सोडलेला मी निवडणार कशावरून? पण घरात बसवत नव्हतं. दादाची रिकामी खाट दिसायची. तेरावं उरकलं आणि निघालो.

मी गिरणीत कापड विणतो, साचेखात्यात, मागावर. शेकडो साचे खडखडतायत म्हणजे काम चालू. शांत झालं की समजायचं, संप. तोच कायदा मी इथे लावला. पहिल्या शाळेच्या भिंतीला कान लावला, तर चिडीचूप. म्हटलं, ही बंद पडली. दुसरीत काय दणका हो! बाकं वाजतायत, पोरं एका सुरात "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" घोकतायत. वा, इतिहास काय जोरात शिकवतात! तिथल्या तिथे कुसुमचं नाव घातलं.

आठवड्याने पोरीला विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, "घोषणा." मास्तर रोज मोर्चाला, वर्गात कुणी नाहीच.

दादा गेल्यापासून वहिनी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "भावोजी, शाळा बघायला गेलात की साचा?"

तसाच, अंगावरचा कापूस न झटकता, त्या चिडीचूप शाळेत धावलो. हेडमास्तरांना सगळं सांगितलं. साच्यांत ओरडूनच बोलायची सवय आमची.

"हळू बोला," ते म्हणाले. "वर्ग चालू आहेत. मुलगी कोणाची?"

"दादाची," म्हणालो, या वेळी हळूच. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला. म्हणाले, सोमवारी घेऊन या.

सोमवारी कुसुमला फाटकाशी सोडलं. मागे न बघता आत गेली. दादा असता तर हाक मारली असती, डबा खा गं. माझ्याही ओठांवर आली होती. गिळली. दादासाठी, वहिनीसाठी एवढी तरी शांतता पाळायची ठरवलं होतं, आणि पाळली.

फक्त नाक शिंकरलं. वरच्या मजल्यापर्यंतचे सगळे वर्ग खिडकीशी आले.